स्वायत्त यंत्रांचे संशोधक नेमके काय सिद्ध करतात?

लंबक

कपड्यांच्या घड्या घालणारा किंवा खडकाळ उतारावरून तोल सावरत खाली येणारा यंत्रमानव दाखवणाऱ्या चित्रफिती आता इतक्या वारंवार समोर येतात की, त्यांच्यामागच्या संशोधकांनी नेमके काय केले आणि त्यातले किती सिद्ध झाले, हे विचारायचे आपण जवळजवळ सोडून दिले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, यंत्रमानवशास्त्र आणि स्वायत्त प्रणाली या क्षेत्रांत काम करणाऱ्या संशोधकांविषयी या मंचावर चर्चेचा धागा काढावा असे वाटले, ते त्यामुळेच. माझे मत आधीच सांगून टाकतो. या क्षेत्रात यंत्र एकदा चालवून दाखवणे हा कामाचा लहान भाग असतो. ते कोणत्या परिस्थितीत, किती वेळा आणि कशामुळे चालत नाही हे शोधून काढणे हा मोठा भाग असतो, आणि संशोधकाची पारख त्यावरून व्हावी.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर प्रात्यक्षिकांपेक्षा त्यांच्या निमित्ताने सुटलेले प्रश्नच जास्त टिकले, असे दिसते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचा चाकांवर चालणारा यंत्रमानव विकसित झाला. तो मोजक्या खोल्यांत, रंगवलेल्या ठोकळ्यांमध्ये, अतिशय संथपणे वावरत असे. आज तो संग्रहालयात आहे. परंतु त्याला मार्ग शोधता यावा म्हणून पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेली ‘ए-स्टार’ ही पद्धत आजही नकाशावर रस्ता शोधणाऱ्या असंख्य प्रणालींच्या मुळाशी आहे. १९७९ साली हान्स मोराव्हेक यांच्या ‘स्टॅनफर्ड कार्ट’ या गाडीने खुर्च्यांनी भरलेली एक खोली माणसाच्या मदतीशिवाय पार केली, त्याला सुमारे पाच तास लागले. दर मीटरभर अंतरानंतर गाडी थांबे, कॅमेऱ्याने चित्रे घेई आणि पुढचा मीटर ठरवण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे गणित करी. हेच मोराव्हेक पुढे म्हणू लागले की, प्रौढांना अवघड वाटणारी बुद्धिबळासारखी कामे संगणकाला तुलनेने सोपी जातात आणि वर्षभराच्या बालकाला सहज जमणारे पाहणे, चालणे, वस्तू उचलणे मात्र त्याला भारी पडते. खुर्च्यांच्या त्या खोलीचा अनुभव असलेल्या माणसाने हे म्हणावे, यात नवल नाही.

तर जाणकारांना माझा प्रश्न असा की, एखादा दावा समोर आला की त्यातले प्रात्यक्षिक किती आणि पुरावा किती, हे तुम्ही कसे ठरवता?

रेखावृत्त

लंबक, आपला मुद्दा मान्य आहे, पण प्रात्यक्षिकाला आपण जरा जास्तच खाली ढकलले आहे. प्रात्यक्षिकाच्या अटी संशोधकाच्या हाती नसतील तर ते पुराव्याच्या फार जवळ जाते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘डार्पा’ या संस्थेने भरवलेली चालकरहित वाहनांची शर्यत हे याचे उत्तम उदाहरण आहे. १३ मार्च २००४ रोजी मोहावीच्या वाळवंटात १४२ मैलांचा मार्ग आखला होता. एकही वाहन तो पूर्ण करू शकले नाही आणि सर्वांत पुढे गेलेले कार्नेगी मेलन विद्यापीठाचे वाहन साडेसात मैलांच्या आतच अडकले. दीड वर्षाने, ८ ऑक्टोबर २००५ रोजी, १३२ मैलांच्या मार्गावर पाच वाहने शेवटपर्यंत पोहोचली आणि अंतिम फेरीतील तेवीसपैकी बावीस वाहनांनी आदल्या वेळचे सर्वोत्तम अंतर मागे टाकले. मार्गाचे तपशील स्पर्धकांना सुरुवातीच्या केवळ दोन तास आधी मिळत होते, त्यामुळे तो रस्ता घोटवून ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. अशा प्रात्यक्षिकाला केवळ दिखाऊ म्हणता येणार नाही.

विजेत्या ‘स्टॅनली’ या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाहनात काय होते, तेही सांगण्यासारखे आहे, कारण खरी गंमत तिथे आहे. छतावरचे लेझर संवेदक पुढच्या जमिनीची उंची मोजत होते. खडबडीत रस्त्यावर वाहन हिंदकळले की त्याच्या कलाचा अंदाज किंचित चुके, मग काही क्षणांच्या अंतराने घेतलेली दोन मोजमापे एकमेकांशी जुळत नसत आणि मोकळ्या रस्त्यावर नसलेला अडथळा उभा राही. सेबास्टियन थ्रुन यांच्या गटाने ही चूक नाहीशी करण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी चुकीचेच गणित मांडले, म्हणजे दोन मोजमापांमधील काळ जितका जास्त तितका त्यांच्या तुलनेवर विश्वास कमी. त्या गणितातील संख्या ठरवण्यासाठी त्यांनी माणसाला गाडी चालवायला लावली आणि माणूस ज्या जमिनीवरून गेला ती जमीन निर्धोक आहे, असे धरून यंत्राला शिकवले. लेझर जेमतेम पंचवीस मीटरपर्यंत खात्रीने पाहू शकत होता, म्हणून त्याने निर्धोक ठरवलेल्या पट्ट्याचा रंग-पोत कॅमेऱ्याला दाखवून त्यावरून दूरचा रस्ता ओळखण्याची सोय केली होती. रस्त्याचा रंग बदलला की ही ओळखही चालत्या गाडीत बदलत जाई.

संवेदक खोटे बोलतात हे गृहीत धरून त्यांच्या खोटेपणाचे प्रमाण मोजायचे, ही दृष्टी त्या पिढीने या क्षेत्राला दिली. रुडॉल्फ काल्मन यांचा १९६० सालचा गाळक (फिल्टर), म्हणजे चुका असलेल्या मोजमापांतून खऱ्या स्थितीचा अंदाज काढणारी गणिती पद्धत, त्याआधीपासून विमाने आणि अवकाशयानांत हेच काम करत होता. जमिनीवरच्या यंत्रांत हा विचार पूर्णपणे मुरायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले.

उलटतपासणी

मी संख्याशास्त्राच्या बाजूने एवढेच विचारतो की, किती वेळा?

एखाद्या शोधनिबंधात वीस प्रयत्नांपैकी अठरा यशस्वी, म्हणजे नव्वद टक्के यश असे लिहिलेले असते. वीस प्रयत्नांवरून खऱ्या यशाच्या प्रमाणाचा ९५ टक्के विश्वासार्हतेचा पल्ला काढला तर तो सुमारे ६८ ते ९९ टक्के इतका ऐसपैस निघतो. शेजारच्या पद्धतीला वीसपैकी पंधरा मिळाले म्हणून ती कमी प्रतीची ठरवणे या आकड्यांवर शक्य नाही. दहापैकी दहा वेळा यश मिळाले तरी खरे अपयश चारात एक असण्याची शक्यता त्याने पुरती मिटत नाही. आणि ही सारी गणिते प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून आहेत. तोच टेबल, तोच प्रकाश आणि तेच पाच कप असतील तर ते गृहीतकही लंगडे पडते.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी जगात, प्रयत्न स्वस्त असतात, म्हणून तिथे तरी शिस्त असेल असे वाटेल. पीटर हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेल्या निबंधाने तो भ्रम घालवला. बक्षीस-दंडावरून शिकणारा एकच अल्गोरिदम, त्याच मांडणीत, फक्त यादृच्छिक संख्यांची सुरुवात बदलून दहा वेळा चालवायचा आणि त्या दहांचे पाच-पाचचे दोन गट करून सरासरी काढायची. दोन्ही आलेख इतके वेगळे आले की, ते दोन निराळ्या पद्धतींचे आहेत असे कोणालाही वाटावे. म्हणजे नवी पद्धत जुनीपेक्षा सरस असल्याचा एखादा दावा निव्वळ नशिबाचा असू शकतो.

स्वयंचलित मोटारींच्या बाबतीत गणित आणखी कठोर आहे. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अहवालात असा हिशेब आहे की, अमेरिकेत माणसे दर दहा कोटी मैलांमागे साधारण १.०९ मृत्यू घडवतात, तेव्हा यंत्र निदान तितके सुरक्षित आहे हे ९५ टक्के खात्रीने दाखवायचे तर त्याला सुमारे २७.५ कोटी मैल एकही मृत्यू न घडवता चालावे लागेल. शंभर गाड्या ताशी पंचवीस मैलांनी अहोरात्र फिरवल्या तरी याला साडेबारा वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात प्रणालीत बदल झाला की मोजणीचा अर्थच बदलतो.

नवअभ्यासक

मी या विषयात नुकताच पदव्युत्तर अभ्यास सुरू केला आहे. भाषेची प्रारूपे (लँग्वेज मॉडेल) अवाढव्य मजकुरावर शिकून इतकी पुढे गेली, मग वस्तू उचलणे आणि हाताळणे याच मार्गाने का सुटत नाही? यंत्रमानवांनाही भरपूर डेटा दिला तर रेखावृत्त सांगतात त्या जुन्या गणिताची गरज उरेल का?

क्षितिजा

नवअभ्यासक, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी काही वर्षे वस्तू हाताळणाऱ्या यंत्रभुजांवर काम केले आहे.

मजकूर आधीच लिहून ठेवलेला होता. हालचाली कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. बोटांनी किती दाब दिला, वस्तू किती घसरली, मनगट कधी वळले हे चित्रफितीत दिसत नाही, ते प्रत्यक्ष यंत्रावर मोजावे लागते आणि यंत्र घड्याळाच्या वेगानेच चालते. गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली जास्तीत जास्त चौदा यंत्रभुजा एकत्र लावून दोनेक महिन्यांत पकडण्याचे आठ लाखांहून अधिक प्रयत्न गोळा केले. त्या यंत्रांनी हात आणि डोळा यांचा मेळ बऱ्यापैकी साधला, पण हे सारे एका प्रकारच्या भुजेचे, एका प्रकारच्या पेटीतल्या वस्तूंचे ज्ञान होते. २०२३ मध्ये एकवीस संस्थांनी मिळून बावीस प्रकारच्या यंत्रमानवांच्या दहा लाखांहून अधिक हालचालींचा संग्रह खुला केला. एका यंत्राचा अनुभव दुसऱ्या यंत्राच्या कामी येऊ शकतो, हे त्यातून दिसले आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत आशादायक निष्कर्ष आहे. तरीही भाषेच्या प्रारूपांना मिळणाऱ्या मजकुरापुढे दहा लाख ही संख्या किरकोळ आहे.

माणसाची नक्कल करून शिकण्यात दुसरी एक अडचण दडलेली असते आणि तिच्यावर अधिक डेटा हा थेट उपाय नाही. माणूस रस्त्याच्या मधोमध गाडी चालवतो, त्यामुळे यंत्राला कडेला गेल्यावर काय करावे याचे उदाहरणच मिळत नाही. यंत्र किंचित चुकते, त्या चुकीने ते अशा जागी पोहोचते जी त्याने शिकताना पाहिली नव्हती, तिथे ते आणखी मोठी चूक करते आणि हे वाढत जाते. डीन पॉमरलो यांनी १९८९ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याने, मोटार वळवली तेव्हाच त्यांना हे उमगले होते. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची चित्रे मुद्दाम बाजूला सरकवून, मध्यावर परत येण्याची कृत्रिम उदाहरणे तयार केली. स्टेफान रॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या साचत जाणाऱ्या चुकीचे गणित मांडले आणि यंत्राला स्वतः चालू देऊन ते जिथे भरकटते तिथे माणसाकडून योग्य उत्तर घ्यावे, हा मार्ग सुचवला. आजच्या मोठ्या प्रारूपांतही हा रोग गेलेला नाही, फक्त लक्षणे उशिरा दिसतात.

सिम्युलेशनचा मार्ग चालण्याच्या बाबतीत फार फळला. चार पायांच्या यंत्रांना सिम्युलेशनमध्ये जमिनीचे घर्षण, शरीराचे वजन, मोटारींची ताकद हे सारे सतत बदलून शिकवतात, म्हणजे प्रत्यक्ष जग त्यांना आणखी एक बदल वाटावा. हाताळण्यात मात्र स्पर्शाच्या क्षणी सगळे बिघडते. बोट वस्तूला लागण्याआधीचे आणि लागल्यानंतरचे गतिशास्त्र वेगळे असते, घर्षण पृष्ठभागाच्या बारीक तपशिलांवर ठरते आणि मऊ वस्तूंचे तर विचारूच नका. कापडाची घडी दाखवणाऱ्या चित्रफितीत माझे लक्ष यंत्रापेक्षा कापडाकडेच जाते: ते प्रत्येक वेळी तेच आहे का, आणि सुरुवातीला कोणी नीट पसरून ठेवले होते का?

जुन्या गणिताविषयी म्हणाल तर ते सोडू नका. शिकलेली प्रणाली चुकली की ती का चुकली हे शोधायला शेवटी तेच हाताशी येते.

लंबक

क्षितिजा, आपल्या प्रतिसादावरून एका हाताने रुबिकचा घन सोडवणाऱ्या यंत्रपंजाचे उदाहरण आठवले. ओपनएआयच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि बातम्यांत ‘यंत्र घन सोडवायला शिकले’ असे छापून आले. मूळ निबंध वाचला तर दिसते की, कोणती बाजू कधी फिरवायची हा क्रम आधीपासून ज्ञात असलेल्या अल्गोरिदमने काढला होता. शिकण्याचा भाग होता तो घन न पाडता बोटांनी फिरवण्याचा, आणि माझ्या मते तोच कितीतरी अधिक अवघड होता. सर्वाधिक विस्कटलेल्या घनाच्या बाबतीत यशाचे प्रमाण सुमारे वीस टक्के होते, हेही त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. म्हणजे संशोधकांनी आपले काम चोख केले होते. पुरावा आणि प्रात्यक्षिक यांतला फरक पुसला गेला तो निबंधातून बातमीत येताना. त्यामुळे दोष नेहमी प्रयोगशाळेच्या माथी मारता येत नाही, एवढी भर माझ्या मूळ लेखनात घालतो.

रेखावृत्त

दोष कोणाचाही असो, परिणाम रस्त्यावर भोगावे लागतात. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातील टेम्पी येथे उबरच्या चाचणी-वाहनाने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेला तपास या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. संवेदकांनी तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते, म्हणजे पाहण्यात यंत्र कमी पडले नाही. प्रणाली तिला कधी वाहन, कधी इतर वस्तू, कधी सायकल ठरवत राहिली, आणि दर वेळी वर्ग बदलला की आधीच्या हालचालीची नोंद विचारातून गळून पडे. परिणामी ती कोणत्या दिशेने जात आहे याचा अंदाज पुन्हा पुन्हा शून्यापासून सुरू होई. पादचारी-पट्टीबाहेर कोणी रस्ता ओलांडेल ही शक्यता रचनेत धरलेलीच नव्हती. मोटारीची मूळची आपत्कालीन ब्रेकची सोय स्वयंचलित चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. उरला होता तो देखरेखीसाठी बसवलेला माणूस, आणि त्याची नजर मोबाइलच्या पडद्यावर होती.

शेवटच्या दुव्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. लिसेन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच दाखवून दिले होते की, यंत्र जितके विश्वासार्ह होते तितके त्याच्यावर लक्ष ठेवणे माणसाला अशक्य होत जाते, कारण तासन्‌तास काहीच घडत नसताना सावध राहणे माणसाच्या स्वभावात नाही आणि प्रत्यक्ष हात न लावल्याने त्याचे कौशल्यही बोथट होते. अपघाताच्या पस्तीस वर्षे आधी लिहून ठेवलेली गोष्ट रचनाकारांनी विचारात घेतली नसेल, तर ती चूक केवळ गाडीत बसलेल्याची राहत नाही.

उलटतपासणी

सहमत. मात्र एका अपघातावरून प्रमाणाचे निष्कर्ष काढू नयेत. त्याचा उपयोग कारणे समजण्यापुरता आहे, आणि आपण तो तेवढाच केला, हे बरे झाले.

ध्रुवतारा

चर्चा रस्त्यांभोवती फिरत आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. ज्या ठिकाणी आधी जाऊन चाचणी घेणे शक्यच नाही, तिथे संशोधक पुरावा कसा उभा करतात? मंगळापर्यंत संदेश पोहोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतात, त्यामुळे उतरताना यानाला पृथ्वीवरून हाकता येत नाही. चंद्राच्या बाबतीत हा विलंब सेकंदभराचा असला तरी उतरण्याचे शेवटचे टप्पे यानालाच सांभाळावे लागतात.

चांद्रयान-२ चे विक्रम लँडर सप्टेंबर २०१९ मध्ये उतरताना कोसळले. इस्रोच्या संशोधकांनी पुढच्या मोहिमेत जो बदल केला तो केवळ भागांचा नव्हता, विचाराचा होता. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले तर यान कसे उतरेल, हे विचारण्याऐवजी संवेदक निकामी झाला, इंजिनाने कमी-जास्त जोर दिला, गणिताला उशीर झाला, तर ते कसे उतरेल, हे आधी विचारले गेले. उतरण्यासाठीचे क्षेत्र पाचशे मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाऐवजी चार किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतके मोठे केले, पाय बळकट केले, इंधन वाढवले आणि हेलिकॉप्टरला संवेदक लावून जमिनीवर चाचण्या घेतल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी यान व्यवस्थित उतरले. लंबक यांनी सुरुवातीला अपयशाच्या शोधाविषयी जे लिहिले, त्याचे इतके शुद्ध उदाहरण मला दुसरे दिसत नाही. तिथे वीस काय, दोन प्रयत्नही हाती नव्हते. उलटतपासणी यांचे गणित लागू करायला जागाच नव्हती, त्यामुळे प्रत्येक बिघाडाची कल्पना करून तो सिम्युलेशनमध्ये घडवून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

उलटतपासणी

ध्रुवतारा, मान्य. पण कल्पनेत न आलेला बिघाड सिम्युलेशनमध्येही येत नाही. चंद्रावर पादचारी नसतात, म्हणून तिथे बिघाडांची यादी निदान संपण्यासारखी असते. रस्त्यावर ती संपत नाही.

नवअभ्यासक

सर्वांचे आभार. एक शेवटचा व्यावहारिक प्रश्न: संशोधन म्हणून या क्षेत्रात उतरायचे तर पहिल्या वर्षी कशावर भर द्यावा? माझे बहुतेक वर्गमित्र थेट मोठ्या प्रारूपांवर काम करू इच्छितात.

क्षितिजा

प्रारूपांवर जरूर काम करा, पण एखादे यंत्र, लहान का असेना, स्वतः जुळवा आणि त्याच्या प्रत्येक धावेची नोंद ठेवण्याची व्यवस्था अल्गोरिदमच्या आधी उभी करा. कॅमेरा आणि सांध्यांचे मापक यांच्या घड्याळांत पन्नास मिलिसेकंदांचा फरक असेल तर यंत्र अडाणी वागते आणि संशोधक आठवडेच्या आठवडे न्यूरल नेटवर्कला दोष देत बसतो. मी हे एकाहून अधिक गटांत पाहिले आहे. कॅमेरा भुजेच्या तुलनेत नेमका कुठे बसवला आहे याचे मापन दर सकाळी तपासा. कोणीतरी टेबलाला धक्का दिला, एवढ्यानेही कालचे निकाल आजच्या निकालांशी जुळेनासे होतात.

प्रयोगाआधी यश कशाला म्हणायचे ते लिहून ठेवा. वस्तू उचलली पण दोन सेकंदांत निसटली, तर ते यश की अपयश, हे निकाल पाहिल्यावर ठरवू नये. शक्य असेल तर कोणती पद्धत चालू आहे हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून वस्तू मांडून घ्या, कारण आपला हात नकळत आपल्या आवडत्या पद्धतीला सोयीची मांडणी करतो. फसलेल्या धावांच्या चित्रफिती यशस्वी धावांइतक्याच जपून ठेवा आणि निबंधाबरोबर त्याही द्या. परीक्षक नाराज होतील अशी भीती विद्यार्थ्यांना असते. माझा अनुभव असा आहे की, परीक्षक सर्वांत जास्त प्रश्न त्याच चित्रफितींवर विचारतात आणि ते प्रश्न उपयोगाचे असतात.